मधल्या रकान्यातला उर्फ

दर रविवारी सकाळी आठ वाजता माझा भाऊ अमेरिकेतून सरकारवर बोलतो. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते, त्याचं जेवण व्हायचं असतं आणि तो खुशीत असतो. इकडे माझा कुकर लावायचा असतो. आईला खुर्चीत बसवायचं, तिच्यासमोर साखरेच्या डब्याला टॅब टेकवून ठेवायचा, तिचा चष्मा पुसून द्यायचा, आवाज वाढवायचा. मग पहिली दोन मिनिटं तब्येत, पुढची दोन मिनिटं हवा, आणि पाचव्या मिनिटाला सरकार. घड्याळ लावून बघावं.

"तिकडे फार वाढलंय गं सरकार," तो म्हणतो. तिकडे म्हणजे पनवेलला. एकतीस वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा 'तिकडे' म्हणजे अमेरिका होती. 'इकडे' आणि 'तिकडे' हे दोन शब्द कधी उलटे झाले ते माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याचं म्हणणं असं की आता आपल्याकडे माणसाला सरकारला विचारल्याशिवाय शिंकताही येत नाही. सिमकार्डाला अंगठा, रेशनला अंगठा, पेन्शनीला डोळा. "आपल्या वेळी एवढं सरकार नव्हतं," तो म्हणतो. आपल्या वेळी फोनसाठी आम्ही सात वर्षं थांबलो होतो, ते कोणामुळे, हे मी त्याला विचारत नाही. कधीकधी त्याच्या शेजारी त्याचा तिथला एक मराठी मित्र बसलेला असतो. त्याचं मत बरोबर उलटं. त्याच्या मते आता कुठे आपल्याकडे खरं सरकार आलंय, आता शिस्त लागतेय, त्याने तिथे बसून इथला जन्मदाखला काढला. मग ते दोघं आमच्या साखरेच्या डब्यासमोर भांडतात. आई दोघांकडे बघून मान हलवते. तिला दोघांचंही पटतं, कारण तिला दोघांचाही आवाज नीट ऐकू येत नाही.

मी मधे बोलत नाही. मला साठ पूर्ण झालीत, गुडघे दुखतात, आणि आठवड्यातला एकच दिवस असा असतो की कुठल्या रांगेत उभं राहायचं नसतं. तो दिवसही रांगेवरची चर्चा ऐकण्यात जातो याचा मला राग येतो. भावाचं म्हणणं खोटं आहे असंही नाही. माझंच म्हणणं तो माझ्याआधी बोलून टाकतो, आणि तेही पोटभर झोप झालेल्या आवाजात.

हे सगळं अंगाशी आलं ते मामा गेल्यावर.

मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. नेऱ्याला राहायचा, डोंगराच्या पायथ्याशी, पनवेलहून रिक्षाने अर्ध्या तासावर. लग्न केलं नाही. आजोबा तिथल्या शाळेत मास्तर होते आणि त्यांनी भाताचा एक लहानसा तुकडा घेऊन ठेवला होता. आजोबांच्या मागे सातबारावर दोन नावं लागली, वर मामाचं आणि खाली आईचं. मामा गेल्यावर आता फक्त आईच उरली. तेव्हा त्याचं नाव कमी करून सगळं आईच्या नावावर करायचं, इतकंच काम. पंधरा दिवसांत होईल असं मला वाटलं होतं, यावरून मी किती भोळी ते कळेल.

अडचण अशी की सातबारावर आईचं माहेरचं नाव होतं आणि बाकी सगळ्या जगात सासरचं. नुसतं आडनाव वेगळं असतं तर चाललं असतं, तेवढं सरकारलाही समजतं. पण आमच्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलायचे. आजोबांनी तिला एका नदीचं नाव दिलं होतं. सासरी आली तर त्याच नावाची थोरली जाऊ आधीच घरात. एका हाकेला दोन सुना धावत येतील म्हणून सासूने ताटात तांदूळ पसरायला लावले आणि माझ्या वडिलांनी अंगठीने त्यात दुसरंच नाव लिहिलं. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून ती त्या तांदळातल्या नावाची. रेशनकार्ड, मतदारयादी, आधारकार्ड, बँक, सगळीकडे तेच.

जुनं नाव दोनच ठिकाणी राहिलं, सातबारावर आणि मामाच्या तोंडात. मामा आमच्या घरी आला की आजीच्या, म्हणजे आईच्या सासूच्या, धाकाने तिला 'ताई' म्हणायचा. आम्ही नेऱ्याला गेलो की मात्र लांबून, विहिरीपासूनच, नावाने हाक मारायचा, आणि आई फाटकाशी उभी राहून "ओ" द्यायची. आमच्या घरात मी तिला कधी अशी ओ देताना ऐकलं नाही.

मामाचं तेरावं झालं त्या दिवशी आई म्हणाली, "आता मला त्या नावाने हाक मारणारं कोणी नाही." रडून नाही, भाजीत मीठ नाही असं सांगावं तसं सांगितलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "सातबारावर आहे ते. तेवढं राहू दे."

माझ्या मागे लागलं ते हे वाक्य. जमीन विकायची नव्हती. विमानतळ झाल्यापासून दलाल आमच्या दारात चपला काढूनच बसलेले असतात, त्यांना तिने कधी पाणीही विचारलं नाही. तिला त्या कागदावर स्वतःचं पहिलं नाव राहायला हवं होतं, बस.

तलाठ्याच्या हुद्द्याला आता लांबलचक नवं नाव दिलंय, पण आमच्या लेखी तलाठीच. तिथे तिशीतली एक मुलगी होती. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि ती निघाली चांगली, म्हणजे माझी तयारी वाया गेली. तिने कागद बघितले, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "काकू, मला आजी समोर दिसतायत. पण मला दिसून उपयोग नाही, सिस्टिमला दिसल्या पाहिजेत. सिस्टिमला या दोन वेगळ्या बायका आहेत."

मग तिने दोन वाटा सांगितल्या. सोपी वाट अशी की कार्डावरचं नाव तेवढं ठेवायचं आणि जुनं काढून टाकायचं. एक प्रतिज्ञापत्र, एक फोटो, महिन्याभरात नोंद. अवघड वाट म्हणजे दोन्ही नावं ठेवायची, मधे 'उर्फ' घालून. मग त्याला गावात पंचनामा, आणि दोन्ही नावांनी ओळखणारे दोन साक्षीदार.

"खोडायचं नाही," आई म्हणाली. तिला बाकी काही ऐकू आलं नसेल, पण 'काढून टाकायचं' एवढं बरोबर ऐकू आलं.

मी तिच्याकडे असं बघितलं की पोरीने पटकन मान खाली घातली. एकच शब्द कमी केला तर माझे चार महिने वाचणार होते. पण ब्याऐंशी वर्षांत आईने स्वतःसाठी हट्ट धरलेला मला आठवत नव्हता, त्यामुळे नाही म्हणायची सवयही मला नव्हती. आम्ही अवघड वाटेने निघालो.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी स्वतः पंचवीस वर्षं खारघरच्या एका कॉलेजात ऑफिसात होते. दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं असलं की पोरांना परत पाठवायचं काम माझ्याकडे होतं. "नाव जुळत नाही," हे वाक्य मी किती पोरांना सांगितलं असेल देव जाणे. एक मुलगी उरणहून तीन वेळा आली होती, एका अक्षरासाठी. तिसऱ्या वेळी ती फक्त कागद उचलून निघून गेली. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता तलाठ्याच्या ऑफिसातल्या बाकावर बसले की ती मुलगी आठवते आणि मी उगाच पर्स उघडून बघते.

तर अर्ज ऑनलाइन भरायचा होता. फॉर्मवर तीन रकाने: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे बापाचं किंवा नवऱ्याचं, हे शाळेतल्या पोराला कळतं. पण मला दोन नावं आणि एक उर्फ बसवायचा होता. पहिल्या रकान्यात सगळं मावेना. दोनदा फॉर्म उडाला. तिसऱ्यांदा मी वैतागून पहिल्या रकान्यात माहेरचं नाव लिहिलं, मधल्यात 'उर्फ', पुढे आडनावाच्या आधी सासरचं नाव खुपसलं आणि बटण दाबलं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई, माझी स्वतःची चूक मला दिसली नाही.

पुढच्या पानावर कॉम्प्युटरने पतीचं नाव आपणहून भरलं होतं. उर्फ.

ते मी वाचलंच नाही. हरकती मागवायची नोटीस निघाली आणि नेऱ्याच्या चावडीवर लागली, तिचा फोटो कोणीतरी पाठवला, तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. अमुक अमुक, पतीचे नाव: उर्फ. मी आईला वाचून दाखवलं.

"हा उर्फ कोण?" आईने विचारलं.

"तुझा नवरा," मी म्हटलं.

आईने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं. "बरा आहे," म्हणाली. "निदान नाव तरी बदलायला लावत नाही." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं विचारायला आल्या. त्या सहा महिन्यांत पोट धरून हसलो ते तेवढंच.

रविवारी मी ही गंमत भावाला सांगायला गेले आणि फसले. त्याला गंमत दिसली नाही, मुद्दा दिसला. "हेच! हेच मी म्हणतोय! माणसाचं नाव काय हे सरकार ठरवणार?"

"चूक माझी आहे रे," मी म्हटलं.

"प्रश्न तुझ्या चुकीचा नाहीये, सिस्टिमचा आहे. एका बाईला स्वतःचं नाव सिद्ध करायला लावणं हा अत्याचार आहे." श्वास घेऊन तो म्हणाला, "आणि तुम्ही तरी कशाला एवढं ताणता? काढून टाका ना ते जुनं नाव. कोण वापरतं? सोपं करून टाका."

माझ्या हातात लाटणं होतं. एका दमात अत्याचार आणि एका दमात काढून टाका. मी म्हटलं, "तू ये आणि सांग त्यांना."

"मी येऊन काय करणार? मी तर आता परदेशी."

हे त्याने अगदी सहज म्हटलं, वाईट हेतूने नाही. आईने मान हलवली. मी पोळी लाटायला लागले. भांडायचं तर ताकद लागते, आणि ती मला सोमवारी सकाळी लागणार होती.

खरं सांगायचं तर सरकार वाढलं हे मलाही दिसतं, मी काही आंधळी नाही. पण रिक्षात बसून नेऱ्याला जाता-येता मला दुसरंही काही दिसायचं. पूर्वी आईचं नाव कोणी विचारत नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती. पोस्टमन ओळखायचा, दुकानदार ओळखायचा, गावात तर कुत्री ओळखायची. ती सगळी माणसं गेली, काही वर आणि काही परदेशात. आता आईची ओळख द्यायला घरात मी एकटी, आणि माझी ओळख कोण देणार ते माझं मलाच माहीत नाही. भावाला हे सांगावंसं वाटायचं. पण पाचव्या मिनिटानंतर त्याच्या बोलण्यात शिरायला जागाच नसायची.

अर्ज रद्द, पुन्हा अर्ज, पुन्हा नोटीस. दुसऱ्या वेळी त्या तलाठी पोरीने मला शेजारी बसवून स्वतः फॉर्म भरून घेतला. वडील मधल्या रकान्यात परत आले. एकदा तिने आईला विचारलं, "आजी, उर्फच्या आधी कुठलं नाव लिहू आणि नंतर कुठलं?"

"आधी जे आधी आलं ते," आई म्हणाली.

मग पंचनामा. साक्षीदार म्हणून नेऱ्यात मोजून दोन माणसं सापडली, आईची लहानपणची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचा थोरला भाऊ. भावाला दिसत नाही आणि मैत्रिणीला वाचता येत नाही, पण सरकारने ते विचारलं नव्हतं. ही मैत्रीण लग्नात आईची पाठराखीण होती, म्हणजे नवरीबरोबर सासरी जाऊन पहिले चार दिवस तिच्यासोबत राहणारी मुलगी.

आम्ही रिक्षातून उतरलो तर म्हातारी ओट्यावर बसलेली. तिने आईला तिथूनच जुन्या नावाने हाक मारली. आई माझा हात सोडून, काठी न टेकता दोन पावलं चालली आणि म्हणाली, "ओ."

मी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून वाद घालायला लागले.

"काय गो," म्हातारी आईला म्हणत होती, "नवरा बदललास का काय या वयात? चावडीवर लिवलं व्हतं. आमी सगली हसलो."

तलाठी पोरगी कागद काढून बसली. तिने म्हातारीला विचारलं, "आजी, यांचं नाव लग्नात बदललं हे तुम्हाला कसं माहीत?"

"मी व्हते ना संगं."

"तुम्ही ताटातलं नाव वाचलंत?"

"मना वाचता नाय येत," म्हातारी म्हणाली. "हिनं तांदलाकरं बगितलं नि ही रडली. तवा समजलं, हिचं नाव गेलं."

आई स्वतःच्या बांगड्या बघत होती. ती त्या दिवशी रडली होती हे मला साठ वर्षांची झाल्यावर, सरकारी पंचनाम्यात कळलं. पोरीने पेन दोनदा उचललं, खाली ठेवलं, आणि मग लिहिलं की सदर नावबदल विवाहसमयी साक्षीदारास समक्ष अवगत झाला. वाचून दाखवल्यावर म्हातारी म्हणाली, "हाय, असंच हाय," आणि अंगठा दिला.

नोंद मंजूर व्हायला आणखी सात आठवडे लागले. कागद हातात आला तो शनिवारी. आईने तो उशाखाली ठेवला आणि रविवारी आठच्या आधीच तो मांडीवर घेऊन स्वतः खुर्चीत येऊन बसली. मी डब्याला टॅब टेकवला, चष्मा पुसून दिला. सहा महिने आम्ही फोनवर 'जुनं नाव', 'जुनं नाव' करत होतो. ते कुठलं, हे भावाने विचारलं नव्हतं, आणि त्याला माहीत असणारच म्हणून मीही सांगितलं नव्हतं. लहानपणी त्यानेही विहिरीवरून मामाची हाक ऐकलेली होती.

तब्येत झाली. हवा झाली. मग आईने उजव्या हाताने कागद उचलला आणि टॅबच्या इतका जवळ धरला की त्याला फक्त पहिला शब्द दिसला असणार. तो पुढे वाकला. डोळे बारीक करून त्याने ते नाव वाचलं.

"हे कोण?" त्याने विचारलं.

मला वाटलं आईला ऐकू आलं नसावं. पण ऐकू आलं होतं. तिने कागद खाली घेतला, घडी घातली आणि त्याच्याकडे बघून, हसतच, म्हणाली, "का रे, तुलाही दोन साक्षीदार आणून देऊ?"

मी इतकी वर्षं वाट बघत होते की याला एकदा तरी बोलायला काही सुचू नये, आणि आता सुचत नव्हतं तर मला काहीच आनंद होईना. त्याचा चेहरा एकदम वडिलांसारखा म्हातारा दिसायला लागला. तो दोनदा "आई" म्हणाला.

"असू दे," आई म्हणाली. "जा, जेवून घे."

त्याने फोन ठेवला तेव्हा आठ वाजून पाच मिनिटंही झाली नव्हती. मी टॅब बंद केला, साखरेचा डबा जागेवर ठेवला आणि कुकर लावला.